अर्धा अंश

लकडगंजात लाकूड दोनदा विकलं जातं.
एकदा घनफुटावर, गावाच्या नावानं:
बल्लारशाचा साग, आलापल्लीचा साग.
मग उरलंसुरलं किलोवर, बिननावाचं,
पोत्यात भरून भट्टीवाल्याला.

देवमनजी या दोन विक्रींच्या मधे उभे राहायचे.
आरागिरणीच्या मागच्या दारी, सकाळी साडेसातला,
पोत्यात कोपरापर्यंत हात,
एकेक तुकडा नखानं खरवडून हुंगत.
"हळदू होय हा. आन् हा बीजा,
भिजवला तर पाणी निळं करते.
बाभूळ राहू दे भट्टीले,
जळायची हौसच हाये तिले."

आईचा त्यांच्याशी पाट लागला तेव्हा मी सहावीत होते.
वर्गात नंदा ढेंगेनं विचारलं,
पाट म्हणजे जेवायला बसतात तो?
मी हो म्हणाले.

रामदासपेठेतल्या एका बाईंनी ऑर्डर दिली,
चीज मांडायच्या पाटांची. नमुन्याचा फोटो दाखवला:
तीन रंगांचे समभुज चौकोन असे जुळवलेले
की सपाट फळीवर ठोकळे रचल्यागत दिसावेत.
देवमनजींनी फोटोवरून हात फिरवला.
गुळगुळीतच लागला. हसले.
मला म्हणाले, "तुह्यी ती कंपासपेटी हाये का अजून?"

होती. कोनमापकही होता,
खिडकीत राहून उन्हानं किंचित वाकलेला.
त्यावरून त्यांनी साठ अंशांचा साचा केला,
साच्यावरून पट्ट्या, पट्ट्यांचे तुकडे:
हळदूचा उजेड, सागाची दुपार,
तिसरी बाजू शिसमाची, सावलीची.

मे महिना. सरस ब्रशवरच वाळायचा,
म्हणून पहाटे चारला उठायचं.
लाकूड असेल त्या खोलीत कूलर बंद,
ओल धरते म्हणून.
आई म्हणायची, माणसं शिजली तरी चालतील,
शिसमाला घाम नको यायला.

पहिल्या पाटात सहा टोकं एका बिंदूला भेटणार होती.
पाच भेटली. सहावं बसलं,
आणि त्याच्या शेजारी फट उरली.
प्रत्येकात अर्धा अंश कमी.
सहा अर्धे, तीन.
हिशेब मी मनातल्या मनात केला
आणि कंपासपेटी ओढणीखाली घेतली.
"भुसा भरू का?" मी विचारलं.
"नाही बा. भरलेलं दिसतेच."
कोनमापकाबद्दल ते कधीच बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी इतवारीतून लोखंडी गुण्या आणला.

दुसऱ्या पाटाच्या वेळी
दोघांचे हात सरसात, शिकंजा पिळत होतो,
आणि माझ्या तोंडून गेलं,
"बाबा, बस, बाहेर आला."
अकरा वर्षांनी.
त्यांनी पिळणं थांबवलं.
ओलं फडकं घेतलं.
सांध्यातून आलेला सरस वाळायच्या आत पुसावा लागतो.
पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

चौदा पाट गेले. जवसाचं तेल पिऊन,
मेण लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून.
बाईंनी पैशांसोबत चीजचा एक तुकडा दिला.
बाबांनी दाढेखाली धरला, डोळे मिटले.
"दही कुठंतरी ठेवून इसरले वाटते."
मग जरा वेळानं,
"कष्टाचं जे होते म्हणतात, थे हेच का?"
आई पदर तोंडाला लावून हसली,
खोकला येईपर्यंत.

फटीचा पाट आमच्याकडेच राहिला.
त्यावर कांदा चिरत नाही, संत्री सोलतो.
जुलैत हवा ओली झाली की फट मिटते,
बोट फिरवलं तर सापडत नाही.
मेमध्ये पुन्हा उघडते.
बाबांच्या हाताला आता कंप आहे,
रंधा मीच धरते.
कधी दुपारी तो पाट उन्हात आणते,
फटीत नख घालते,
खरवडते थोडं,
हुंगते.