खिळा

डिलाईल रोडच्या चाळीत
आमच्या गावाची एक खोली होती.
भिंतीला बेचाळीस खिळे, माणशी एक.
पाळी बदलली की एकाच्या सतरंजीची ऊब
दुसऱ्याच्या पाठीला.

काल शेवटची मीटिंग. अकरा जण आले.
बिल्डरचा चेक मध्ये, ताटाखाली दाबलेला,
पंखा जोरात होता म्हणून.

धाकू पड्याळ म्हणाला, वाटून घेऊ.
त्याचंही बरोबर. मुलीची फी थकली होती.

मग गावाहून आलेली सुनंदा घाणेकर उठली.
पदरावर दोन मुठी तांदूळ ओतले,
एक पांढरीफेक, एक तांबूस.
"दोन्ही आपलेच.
हा चिपळुणात भरडून पिशवीतून परत येतो,
कोंडा तिकडेच राहतो,
मग गुरांसाठी तोही आपण विकत आणतो.
हा शेजारच्या वाडीत भरडला, उसनवारीवर.
एक गिरण द्या.
पुढचं आम्ही बायका बघतो."

गिरण म्हटल्यावर
कोपऱ्यातल्या गंगारामतात्यांनी डोळे उघडले.
एकतीस वर्षं स्पिनिंग खात्यात, नंतर टाळं.
"भोंगा तेवढा लावू नकोस," म्हणाले,
आणि हात वर केला.

वही माझ्याकडे असते.
सहा विरुद्ध पाच, असं लिहिलं.
त्याखाली, धाकूच्या मुलीची फी, उसने.
धाकूने तरीही सही केली नाही.

निघताना आजोबांचा खिळा उपटला.
वाकडाच निघाला, सोबत थोडा चुना.
ठोकून सरळ केला
तर तिथल्या भिंतीवर
फडकं टांगायला होईल.