खुर्ची कुठं ठेवू?

गंजगोलाईच्या मागं, वह्यापुस्तकांच्या दुकानावर
एक खोली हाय. सकाळी आठाला मीच उघडते.
खुर्च्या मांडायच्या नाहीत, असं सबिहा मॅडमनी
पहिल्याच दिवशी सांगितलं.
भिंतीला लावून ठेव म्हणाल्या,
येईल त्यानं ठरवावं.

मला वाटलं, आळशी दिसते बाई.

मग बघितलं.
येणाऱ्याला त्या आधी हेच विचारतात,
खुर्ची कुठं ठेवू?
कुणी खिडकीशी ओढतं, कुणी पाठ भिंतीला लावतं.
क्लासचं एक पोरगं, कंधारकडचं, डॉक्टर व्हायला धाडलेलं,
तीन आठवडे आत आलंच नाही, जिन्यावर बसलं
आणि मॅडमपण जिन्यावर.
दोघांच्या मधी एक पायरी रिकामी.
मी चहा दिला तर तेवढं म्हणालं, साखर कमी.
मॅडम दिवसभर खूश.
"मागितलं गं त्यानं काहीतरी."

फॉर्मवर पहिलं स्त्री आणि पुरुष
अशा दोन चौकटी होत्या. त्या गेल्या.
आता नुसती एक ओळ,
तुम्हाला काय म्हणून हाक मारू?
उदगीरहून रेशमा आली, ती ओळ
बोटानं चाचपत बसली बराच वेळ,
साडीचा पोत बघावा तशी.
लिहायला येतं तिला. तरी मला म्हणाली, तू लिही,
दुसऱ्याच्या हातचं बघू दे एकदा.

झाडताना काय काय सापडतं.
निळ्या खडूचा चुरा. दोऱ्याची गुंतवळ.
एकदा फाडलेली उत्तरपत्रिका,
तिच्यातल्या सगळ्या गोलांना डोळे काढलेले,
एकालाच तोंड.
टाकायची नाही म्हणाल्या मॅडम, त्याला विचारल्याबिगर.
फाडलेलंसुदा त्याचंच असतं.

मुरुडची एक बाई बोलत नाही.
पदराच्या गाठीत ज्वारी आणते,
झोप लागली त्या रातीचा एक दाणा
टेबलावर ठेवते.
गेल्या सोमवारी चार होते.
मॅडमनी दाणे मोजले नाहीत, शाबासकी दिली नाही.
उठून फक्त पंखा बंद केला,
दाणे उडू नयेत म्हणून.

माती मी आणते. कुंभारगल्लीतून, गोणपाटात, ओली.
उन्हाळ्यात दोनदा पाणी शिंपडावं लागतं तिला
आणि आमच्याकडं नळ आठ दिवसांनी.
म्हणून हात धुतलेलं पाणी मातीला.
ज्याला जे करायचं ते करतात तिचं.
काहीजण नुसतीच आपटतात.

एका दुपारी कुणी आलं नव्हतं.
महानंदा, एक विचारू? नको वाटलं तर सांगू नको.
दार लावून तू कधीच झाडत नाहीस.
मी म्हणाले, धूळ जावी म्हणून.
त्या म्हणाल्या, बरं.

ते बरं माझ्यासंगं दोन महिने घरी आलं, गेलं.

मग परवा माती मळताना हात थांबले.
म्हणाले, मॅडम, ही अशीच माती
दोन हात जाडीची आमच्या डोक्यावर होती.
माळवदाची. उन्हाळ्यात लई गार.
त्र्याण्णव साली मी नऊ वर्षांची.
गणपती बोळवून झोपलो होतो,
मी दाराशी, कारण
धाकट्याला आईजवळची जागा पाहिजे होती.

पुढचं काही निघालं नाही.
मॅडमनी पुढचं विचारलंही नाही.
हाताला चिखल होता, पुसला नाही.
जरा वेळानं म्हणाल्या,
खुर्ची कुठं ठेवू?

उंबऱ्यात बसू नये म्हणतात.
मी उंबऱ्यात बसले, खुर्चीबिगर,
एक पाय आत, एक जिन्याकडं.
खाली दुकानदार कुणाला तरी
दोनशे पानी वहीचा भाव सांगत होता.

पाठीमागून आवाज आला,
मावशी, सरका जरा.
मला आत जायचंय.