सोळा नंबर

पाटीवर नाव हेझलवूड. हेझलचं झाड एकही नाही.
चौतीस घरं, त्यातल्या नऊंत दिवे लागतात,
बाकीच्यांच्या खिडक्यांना प्लायवूड,
आणि रस्ता मध्येच थांबलेला,
बोलता बोलता पुढचं आठवू नये तसा.

लाँगफर्डपासून अकरा किलोमीटर.
मिसेस गेराटींनी किल्ली फिरवली तेव्हा
दार आधी नाहीच म्हणालं. मग खांदा लावल्यावर, बरं.
"अडुसष्ट हजार," त्या म्हणाल्या, "निम्म्याहून कमी.
असा भाव पुन्हा यायचा नाही."
कोनल छताकडे बघत राहिला.
हेच वाक्य सात वर्षांपूर्वी
त्याच्या भावाने ऐकलं होतं, आणि ऐकलं होतं म्हणजे
सही केली होती.
भाऊ आता पर्थकडे, लोखंडाच्या खाणीवर;
हप्ता मात्र इथेच राहतो,
अथलोनच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, एकटा.

डब्लिनमध्ये आमची एक खोली आहे.
आमची म्हणजे तियर्नीची.
पहिल्या तारखेला तो स्वतः येतो, चहा घेतो,
ओल आलेल्या भिंतीकडे पाठ करून बसतो.
खिळा ठोकायचा नाही, हे करारात लिहिलंय.
म्हणून आमचे फोटो जमिनीवर,
तीन वर्षं भिंतीला टेकून,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे.
आई म्हणते, भाडं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी.
कोनल म्हणतो, पण बादली आपली नाही ना,
नकोशी झाली की ठेवून निघता येतं.
दोघांचंही पटतं.
मी विजेच्या बिलामागे तीच बेरीज
तिसऱ्यांदा करते, आणि तिसऱ्यांदा ती वेगळी येते.

वर मागच्या खोलीत गरम पाण्याच्या टाकीचं कपाट.
आत रंग नाही, नुसता गिलावा,
आणि त्यावर पेन्सिलीने:
१९ पोती. ४ ऑक्टोबर.
चारचा आकडा वरून उघडा,
खुर्ची उलटी करून ठेवावी तसा.
असा चार आमच्या घरी एकच माणूस काढतो.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
बाबांनी चौतीस पाहिली.
शेवटच्या सहांचे पैसे आलेच नाहीत;
बिल्डरचा फोन वाजत राहिला,
नंतर वाजायचाही थांबला.
तेव्हापासून ते गावाला जाताना
दुसऱ्या रस्त्याने जातात, लांबच्या,
आणि पेट्रोल महाग झालं म्हणून कुरकुरतात.

म्हणजे या भिंती अजून आमचं येणं लागतात.
म्हणजे घेतलं, तर हे घर
आम्ही दुसऱ्यांदा घेणार.
हे मी कोनलला सांगितलं नाही.
बोटाच्या पेरांनी भिंत वाजवून पाहिली,
लहानपणी शिकवलं होतं तशी:
पोकळ असेल तर ती बडबडते, भरीव असेल तर
एकच शब्द बोलते.
एकच बोलली.

मग जिन्यात उभी राहून फोन लावला.
बाबा, हेझलवूडमध्ये आहे. सोळा नंबर.
पलीकडे किटली उकळत होती, ती कुणी बंद करेना.
खूप वेळाने म्हणाले,
"गिलावा चांगला आहे.
छपराचं मला माहीत नाही, ते दुसऱ्यांनी केलं."
आणि मग, फोन ठेवता ठेवता,
"पोरी, आधी नळाला पाणी येतंय का बघ."

स्वयंपाकघरात मी नळ सोडला.
तो आधी खोकला. मग हवा. मग तांबडं,
चहासारखं, वीटकरीसारखं.
मिसेस गेराटी म्हणाल्या, सुरुवातीला असंच येतं.
कोनलने बाही वर सरकवून हात खाली धरला.
आम्ही तिघं सिंकभोवती उभे,
कुणी काही बोललं नाही,
पाणी वाहत होतं.