मुरलेलं पाणी

नऊ वर्षांची होते. शेजारच्या तेंगेलबाय आगांच्या अंगणात,
तंदूरच्या राखेखाली, एक पुरलेला डबा दिसला.
पत्र्याचा. समुद्र होता तेव्हा मासे भरायचे तसला.
आत पाणी.
शाळेत शिकवलेलं, दिसलं की सांगायचं.
मी सांगितलं.
मला नारिंगी पेन्सिल मिळाली,
मागं खोडरबर असलेली.

मुइनाकच्या वाळूत जहाजं गंजत पडलीयत,
त्यांच्यामधून ट्रक आला.
आगा टोपी हातात धरून चढले,
लग्नाला निघाल्यासारखे.
शरीपा आपा दारात. रडल्या नाहीत.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं,
मग पेन्सिलीकडं.
एवढंच.

पुढं ऐतगुलकडं एक पुस्तक आलं, शेवटची पानं फाटलेलं.
रजईखाली आळीपाळीनं वाचायचो.
त्यातली मुलगी सोळाव्या वर्षी भिंत पाडायला निघते,
पडते की नाही ते फाटलेल्या पानांत.
मी रोज रात्री नवा शेवट रचायचे.
माझ्या प्रत्येक शेवटात
मी बरोबर असायचे.

सोळाव्या वर्षी मला मापकाठी मिळाली
आणि सात नंबर गल्लीची वही.
माणशी तीन लिटर.
काठी टाकीत बुडवायची, ओल कुठवर चढली ते बघायचं,
आकडा लिहायचा, खारा वारा पुसायच्या आत.
लोक चहा विचारायचे. भीतीचा चहा गोड असतो फार.
शरीपा आपा कधी बस म्हणाल्या नाहीत.

परवा त्यांच्या अंगणात राख उकरलेली होती.
तीच जागा.
माणूस त्याच जागी पुन्हा पुरतं का काही?
की मला दिसावं म्हणूनच?
त्या पीठ मळत होत्या. मान वर केली नाही.
म्हणाल्या, "तू तेव्हा लहान होतीस, असं मी म्हणणार नाही.
डोळे एवढेच होते तुझे."

मी लिहिलं : जादा, शून्य.
वाटलं, हाच तो शेवट.
घरी येताना उगाच पळाले थोडी.

महिनाअखेर पेर्देबाय साहेबांनी बेरीज मांडली,
बोटानं वही ठोकली,
"कुठंतरी पाणी मुरतंय, पोरी."
मी गप्प.
बेरजेला माणूस लागतो.
नऊ नंबरच्या सलामतला नेलं,
पंधरा वर्षांचा, उंट राखायचा,
त्याच्या पखालीत एक ओंजळ निघाली म्हणे.

त्या रात्री झोप नाही.
शून्य खोडावं तर आपा जातील.
ठेवावं तर सलामत.
खोडरबर केव्हाचं दगड झालंय,
घासलं की कागद काळा होतो, आकडा तसाच.
ऐतगुलला विचारलं, त्या पुस्तकात काय करते गं ती?
ती म्हणाली, "पुस्तकात दोन पानं फाटलीत फक्त.
आपल्याकडं…"
आणि कूस वळवून झोपली.

सकाळी कचेरीत गेले.
पेर्देबाय साहेब बशीत चहा ओतत होते.
म्हणाले, "काय गं?"
म्हटलं, "ते पाणी माझ्यात मुरलंय.
टाकीतून काढलं, मी प्यायले, वहीत लपवलं."
त्यांनी बराच वेळ पाहिलं. मला वाटतं, त्यांना कळलं.
पण बेरीज जुळत होती.

धीट वगैरे नव्हते. गुडघे लटपटत होते.
सलामत कोपऱ्यावरून आला, न बघता गेला,
त्याला काय माहीत.
आपा दारात होत्या का, ते वाऱ्यात दिसलं नाही.
असत्या तरी क्षमा नसती,
आणि मागायला मी गेलेही नसते.

ट्रक तोच, की तसलाच दुसरा.
हातात धरायला माझ्याकडं टोपी नव्हती.
पेन्सिलीचा बोटभर तुकडा होता, तो मुठीत.
आत आधीच एक बाई बसलेली, अनोळखी, वयस्कर.
काही न विचारता
सरकून तिनं जागा केली.