ओळख पटेल असं काही लिहू नये

लेख आला, त्यावरचं नाव पुसलेलं.
सतरा पानं, सहा आलेख,
आचऱ्याच्या खाडीतले खुबे : वाढ आणि घनता.
माझंही नाव नाही. मी परीक्षक क्रमांक दोन.
मुदत तीन आठवडे, मानधन शून्य,
आणि तळाला सूचना :
ओळख पटेल असं काही लिहू नये.

मालवणात कॉलेज सुटल्यावर
मी प्रयोगशाळेतच बसते, फॉर्मॅलिनच्या वासात,
लाल पेन घेऊन, अगदी निःपक्ष.
दुसऱ्या पानावर संदर्भ कच्चे. लिहिलं.
पाचव्यावर नमुने अपुरे. तेही लिहिलं, जरा खुशीतच.
नवव्या पानावर बारा ठिकाणांचा तक्ता,
त्यातला सात नंबर गाळलेला.
खाली बारीक टीप : भरतीमुळे.

भरतीमुळे!
होडी रुतली होती, मेल्या,
आणि आपण दोघं कांदळाच्या मुळांवर
रात्री दहापर्यंत, एक बिस्किटाचा पुडा, एक विझत आलेली बॅटरी,
लेखावर पहिलं नाव कुणाचं
यावर भांडत.
तो लेख झालाच नाही. बोलणंही नाही. बारा वर्षं.

घनता मोजली म्हणतोस चौकट टाकून.
चौकट कुठे टाकायची ते कुणी सांगितलं?
दुरपतबाय गुडघाभर पाण्यात पुढे,
लुगडं वर खोचलेलं, कमरेला करंडी,
"हातान गावनत नाय, पायान इचारूचा लागता."
तिच्या अंगठ्याने जिथे होकार दिला
तिथे आपली लोखंडी चौकट पडली.
लेखात ती आहे :
स्थानिक माहितीदार, स्त्री, वय अंदाजे साठ.

मी लिहिलं : माहितीदाराचं नाव ऋणनिर्देशात द्यावं.
खोडलं. हे फक्त मीच मागेन.
पुन्हा लिहिलं, कर्मणी प्रयोगात,
जिथे कुणीच काही करत नाही, सगळं केलं जातं.

दोन महिन्यांनी सुधारित प्रत.
लेखक अनामिक परीक्षकांचे ऋणी आहेत.
आणि द्रौपदी तारे यांचे.

तारे?
तारी ती. होडीवर रंगवलेलं असायचं, पांढऱ्या रंगात, हे एवढं.
विसरलास,
की मुद्दाम एक अक्षर वाकडं सोडून
गढूळ पाण्यात पाय फिरवतोयस,
खाली कोण आहे ते बघायला?

मी "किरकोळ दुरुस्ती"वर खूण करते.
पान सोळा, ओळ चार.
री. रे नव्हे.