मुंगी चावल्यासारखं

सोमवार ते शनिवार मिरजेत रक्त काढतो.
मूठ आवळा म्हणतो, तिकडं बघा, पंख्याकडं;
मुंगी चावल्यासारखं होईल.
चोवीस वर्षांत एकानंही विचारलेलं नाही
कुठली मुंगी.

रविवारी हरिपूरला.
संगमाच्या खालच्या अंगाला, जिथं वारणेचं पाणी
कृष्णेत शिरूनही थोडा वेळ वेगळंच चालतं,
पाहुण्यासारखं,
तिथं बाभळीच्या बुंध्याशी माझी जागा.
डबा आवळासुपारीचा, आत शेणखताखालची गांडुळं.

गांडुळाचं रक्त लाल असतं.
हे मला काचपट्टीवरनं ठाऊक:
एका दुपारी, पेशंट नव्हते तेव्हा,
गंमत म्हणून बघितलं होतं भिंगाखाली.
गंमत म्हणून.
हा शब्द राहू दे बाजूला, पुढं लागेल.

गरीवर ओवताना ते वळतं, बोटाला वेढा घालतं
अंगठीचं माप घेतल्यागत.
आणि परवा तोंडातून निघूनच गेलं, सवयीनं:
झालं, झालं, संपलं.
दस्तगीरमामू इतके हसले की बिडी पाण्यात पडली.
"आता त्याचा रिपोर्ट कधी देणार?"

मग बूच टेकलं पाण्यावर.
काय सांगू त्या बुचाचं.
दोन मुलींच्या फिया, साहेब, गुडघा, सगळं
त्या एका तांबड्या ठिपक्यात मावतं
आणि ठिपका हलत नाही.
मग हलतो.
कोणी दार ढकलून बघावं तसा, एकदाच.
तंगूस बोटावरनं सरकतो
आणि पाण्याखालच्या कुणाची तरी
नाडी लागते.
त्या क्षणी मी चांगला माणूस नसतो.
वाईटही नसतो. नुसता असतो.
खोटं कशाला बोलू, असा मी इतर कुठंच नसतो.

वर्षभर कणीक लावून बघितली, हिंग-हळद घालून.
सुलभानं मळून दिली, "पाप तरी नाही" म्हणाली.
चिलाप्या आल्या टपाटप, ओठ फाटलेल्या.
लहान सोडून देतो. सोडताना बरं वाटतं,
नदीवर उपकार केल्यासारखं.
गांडूळ कुणी सोडलेलं ऐकलं नाही.

जूनअखेर मरळीची पिल्लं निघाली.
लव्हाळ्यात तांबूस पुंजका, उकळी फुटल्यासारखा,
आणि खाली, हलत्या सावलीएवढी, राखण.
तिथं बेडकी टाकायची असते, जिवंत, पाठीतनं ओवलेली.
मरळ तेव्हा भुकेनं घेत नाही;
पिल्लांवर आलंय म्हणून घेते.
इस्लामपूरकडचा पोरगा, महागाचा रॉड,
बेडकी माझ्यापुढं धरून म्हणाला,
"काका, तुमचा हात हलका. तुम्हीच ओवा."

मामूंनी हातातली बिडी पेटवली नाही.
"पिल्लावरची मी मारत नाही,"
नदीला सांगितल्यासारखं, एवढंच.
"बाकी तुमचं तुम्ही."

बेडकीचा गळा धडधडत होता चिमटीत.
मोजलं: पंधरा सेकंद, गुणिले चार.
आकडा आला. सांगत नाही.

ओवली नाही.
पण वाहवा नको; पंचवीस पावलं वर गेलो,
डबा उघडला,
संध्याकाळपर्यंत लव्हाळ्याकडं पाठ करून बसलो.
दोन शिवडे लागले. गंमत आली.
मागं पोराची चरखी कर्रर वाजली एकदा.
मी वळलो नाही.

सोमवारी पहिली बाई बेडगची.
हात पुढं करून म्हणाली, "दुखंल का ओ?"
पंख्याकडं बघा म्हणालो नाही.
दुखंल, म्हटलं.
तिनं मूठ आवळली.