वाफसा

मौला मिस्त्रीच्या पत्र्याखाली येझदी उघडी पडलीय
पितृपंधरवड्यापासून.
इंजिन पोत्यावर, टाकी बाजेवर,
नटबोल्ट डालड्याच्या डब्यात रॉकेल पीत.
जालन्याहून पिस्टन रिंग आली
एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती, पेढ्याच्या पुड्यासारखी.
उघडली तर राजदूतची.
परत पाठवली.

"कुठं जायचंय एवढं?"
कुठंच नाही. माजलगाव, तेलगाव, धारूर,
घाट चढून वर एक चहा,
आणि परत.
"एवढ्यासाठी चार हजार घालायलास?"
हो.

दिवाळी झाली की जिनिंग सुरू होईल,
मग मी आणि काटा. भरली गाडी, रिकामी गाडी,
मधली वजाबाकी.
मार्चपर्यंत रुई नाकातून निघत नाही.

दुसरी रिंग आली तेव्हा पाऊस आला.
परतीचा म्हणतात, पण जाता जाता चारदा वळतो,
काहीतरी विसरल्यासारखा.
तेलगावच्या पुढं रस्ता उकरून ठेवलाय,
खडी नाही, मुरूम नाही, निव्वळ काळी.
मडगार्ड आणि टायरच्या मधे
भाकरीएवढा थर बसतो, चाक गप्प होतं,
आणि माणूस आपलीच गाडी ढकलत
परक्याच्या तुरीत उभा.

मिस्त्रीच्या सात पिढ्यांत कुणी औत धरलं नाही.
तरी रोज सकाळी समोरच्या रानातून ढेकूळ उचलतो,
ऑइलच्या मुठीत दाबतो, मूठ उघडतो.
ढेकूळ तसंच, चार बोटांचे ठसे घेऊन.
"वाफसा नाही अजून."
आणि नसलेली कामं काढतो:
पॉइंटला पॉलिशपेपर मारतो,
क्लचकेबलच्या वरच्या टोकाला तेलाचा थेंब सोडतो
आणि खालच्या टोकाशी बसून राहतो.
मीही बसतो.
थेंब यायला एक अख्खा चहा लागतो.

काल ऊन पडलं. दुपारी ढेकूळ फुटलं,
म्हणजे अर्धं फुटलं.
चौथ्या किकला निळा धूर, कोंबड्या पसार,
दोन्ही सायलेन्सर एकदम बोलले
आणि लगेच एक गप्प.
"बोलंल. घाटात बोलंल."

पैसे मोजून घेतले, शंभर परत दिले.
मग बाभळीची एक काडी सोलून
टूलबॉक्समध्ये सरकवली.
"चिखल बसला तर हिनं काढ, बोटानं नको.
चाक थांबलंय असं नुसतं वाटतं."